दादाच्या टेबलावरचं माझं टर्नटेबल

दादा निवृत्त होऊन तीनेक आठवडे झाले असतील, तेव्हा एका सकाळी वहिनींचा फोन आला. मी कॉलेजला निघायच्या गडबडीत होतो.

"भाऊजी, तुमच्या घरात काही मोडकं आहे का?"

"मोडकं म्हणजे?"

"काहीही. पंखा, मिक्सर, शिलाई मशीन. नसेल तर एखादी चांगली वस्तू मोडा, पण इकडे पाठवा."

मग कळलं. माझा थोरला भाऊ अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. कारखान्यातले साचे आणि मापं जिथे घडतात ती ही खोली. तिथे माणसं केसाच्या जाडीचे दहा-वीस भाग करतात आणि त्यातला एक भाग चुकला तरी हळहळतात. आयटीआय करून दादा एकोणिसाव्या वर्षी त्या खोलीत शिरला आणि साठाव्या वर्षी पुष्पगुच्छ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन बाहेर आला. घड्याळ दिवसाला चार सेकंद मागे पडतं हे त्याला दुसऱ्याच दिवशी कळलं. पुढचे वीस दिवस जवळच्याच पाथर्डी फाट्यावरचं त्याचं दोन बेडरूमचं घर त्याच्या तावडीत होतं. सगळ्या दारांच्या बिजागऱ्या झाल्या. कुकरचं हँडल त्याने असं काही आवळलं की वहिनींना तो शेजाऱ्यांकडून उघडून आणावा लागला. आणि आदल्या दिवशी त्याने पोळपाटावर पाणसळ ठेवून पाहिली होती.

"म्हणतात, पोळपाट डावीकडे कलतोय, म्हणून तुझ्या पोळ्या एका बाजूला जाड होतात," वहिनी म्हणाल्या. "तेहतीस वर्षं खाल्ल्या. आत्ता कळलं जाड होतात ते!"

माझ्याकडे मोडकी वस्तू होती, पण ती द्यायची नव्हती. ते माझं टर्नटेबल होतं. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात गाणं ऐकतो. गाता अजिबात येत नाही. हे टर्नटेबल मी देवळालीतल्या एका वृद्ध गृहस्थांकडून घेतलं होतं. चहाच्या मळ्यावर मॅनेजर होते, निवृत्तीनंतर देवळालीत स्थायिक झालेले, आणि आता मुलीकडे परदेशी कायमचे निघालेले. विलायती बनावटीचं, चाळीस-एक वर्षांचं, सागवानी चौकटीचं यंत्र. त्यांनी मला आधी समोर बसवून एका रेकॉर्डची अख्खी बाजू ऐकायला लावली. मी मध्ये बोललो नाही, म्हणून बहुधा सौदा झाला. निघताना त्यांनी ते फडक्याने पुसलं, फडक्याची घडी घातली आणि घडीही माझ्याच हातात दिली.

यंत्र नामी होतं, पण त्याला एक खोड होती. तंबोरा असो की सतार, सूर लांबला की तो किंचित डुलायचा. पाण्यावरची होडी डुलते तेवढाच. माझ्या बायकोला ते ऐकू यायचं नाही. "गाणारे दमले असतील," ती म्हणायची. मला मात्र एकदा ऐकू आलं ते आलंच. मग गाणं बाजूला आणि मी डुलण्याचीच वाट बघत बसायचो.

वहिनींची दया आली म्हणा, की डुलण्याचा कंटाळा आला म्हणा, पुढच्या रविवारी मी ते यंत्र गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलं आणि दादाकडे नेलं.

दादाला गाण्याचं काडीचं प्रेम नव्हतं. लग्नाच्या वरातीतसुद्धा तो बँडकडे न बघता जनरेटरकडे बघायचा. त्याने टर्नटेबलवरचं झाकण काढलं, मग वरची जड थाळी उचलली आणि खाली वाकून पाहिलं.

"एवढंच?" तो म्हणाला. "एक मोटर, एक रबरी पट्टा, एक थाळी. पंख्यात याच्याहून जास्त सामान असतं."

"दादा, फार नाजूक आहे हां ते. त्या सुईला हात लावू नकोस."

"सुई तुझी. मला बाकीचं दे."

त्याने जेवणाच्या टेबलावरची फळांची टोपली हलवली आणि आपला डायल काढला. वस्तू केसभर हलली तरी त्यावरचा काटा सांगतो. डायलचं टोक त्याने थाळीच्या कडेला टेकवलं आणि थाळी बोटाने फिरवली. काटा इकडून तिकडे गेला. दादाच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांत पहिल्यांदा रंग आला.

"अगं, इकडे ये!" त्याने वहिनींना हाक मारली. "हे बघ, किती लागतंय!"

वहिनी पिठाच्या हाताने आल्या, काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "भाऊजी, उपकार झाले."

मी पंधरा दिवसांसाठी यंत्र ठेवून आलो. दादाचं काम आठ महिने चाललं.

पहिला नंबर बेअरिंगचा लागला. थाळीच्या पोटाखाली एक दांडा असतो आणि तो एका नळीत फिरतो. चाळीस वर्षांत ती नळी झिजली होती. दादाचा एक जुना हाताखालचा माणूस आता अंबडलाच स्वतःचं छोटं वर्कशॉप चालवतो. तो अजूनही दादाला 'साहेब' म्हणतो आणि अजूनही घाबरतो. दोघांनी मिळून ब्राँझची नवी नळी आणि पोलादाचा नवा दांडा केला. पहिले तीन दांडे दादाने नाकारले. चौथा त्या माणसाने नाकारला, तेव्हा दादा इतका खूश झाला की त्याने त्याला मिसळ खाऊ घातली.

नवं बेअरिंग बसवलं त्या दिवशी मला मुद्दाम बोलावणं आलं. दादाने दांड्याला तेल लावलं, थाळी नळीवर धरली आणि सोडून दिली. ती खाली पडलीच नाही. दांडा आणि नळी यांच्यात हवेला निसटायलासुद्धा जागा नव्हती, त्यामुळे ती जड थाळी इतकी सावकाश उतरायला लागली की नजरेला कळू नये. आम्ही तिघं टेबलाभोवती उभे होतो. दादाचे हात थाळीच्या दोन्ही बाजूंना, न टेकवता. पाच मिनिटांनी ती तळाला गेली.

"बसली," वहिनी म्हणाल्या. "आता तुम्हीही बसा. पोहे गार झालेत."

मला वाटलं झालं. मी झाकण उचलून बांधाबांध करायला लागलो, तर दादाने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"मोटर ऐकलीस का?"

"मोटर काय ऐकायची?"

त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवलं आणि मूठ माझ्या कानाला लावली. खरंच, आत भुंगा गुणगुणावा तशी घरघर होती. ती घरघर चौकटीतून थाळीत आणि थाळीतून सुईत जाते, हे त्याने मला वर्गातल्या ढ मुलाला सांगावं तसं सांगितलं. मग मोटर चौकटीतून काढून बाजूला, पितळेच्या जाड ठोकळ्यात बसवण्यात आली. मोटरवरची पट्टा फिरवणारी पुली वाकडी होती म्हणून नवी झाली. आतल्या तीन स्प्रिंगा बदलल्या, कारण त्या 'तीन सवतींसारख्या' वागत होत्या. सुईच्या आर्ममधली केसासारखी तार बदलायला मात्र त्याने मला बसवलं. त्याच्या जाड बोटांना ते जमेना आणि कबूलही करवेना. "तू प्रयोगशाळेत असतोस, तुझा हात हलका असेल," एवढंच म्हणाला.

त्या काळात माझी एक फजिती झाली, ती सांगायला हवी. वहिनी अजून प्रत्येक पाहुण्याला सांगतात, त्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

दर बदलानंतर दादा मला ऐकायला बसवायचा आणि फरक विचारायचा. मी डोळे मिटून सांगायचो. एकदा त्याने मला खुर्चीत बसवलं, रेकॉर्डची पाच मिनिटं ऐकवली, मग यंत्राच्या मागे जाऊन बराच वेळ खुडबुड केली आणि तीच पाच मिनिटं परत लावली.

"काय वाटतं?"

"खूपच फरक आहे," मी म्हणालो. "खर्ज भरीव झालाय. तबल्याच्या भोवती मोकळी हवा आल्यासारखी वाटते. आणि आवाज, कसं सांगू, आवाज पडद्यामागून पुढे आलाय."

स्वयंपाकघरातून वहिनींच्या हसण्याचा स्फोट झाला. मी डोळे उघडले. दादा हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन शांत उभा होता.

"मी हा उचलला," तो म्हणाला, "आणि परत खाली ठेवला. बाकी काही केलं नाही."

"भाऊजी, तुम्ही मुलांना मार्क कसे देता हो?" आतून प्रश्न आला.

तेव्हापासून मी तोंड सांभाळून आहे. पण एक गोष्ट मी तेव्हाही ठासून सांगितली आणि तीत मी खरा होतो. सूर अजून डुलत होता. पूर्वीपेक्षा कितीतरी कमी, पण होताच. दादाने यावेळी माझी थट्टा केली नाही. दोन दिवस विचार करून तो म्हणाला, "पट्टा. रबर आहे, ताणतं आणि आवळतं. दुसरं काही उरलंच नाहीये."

रबराऐवजी काही लोक साधा दोरा वापरतात, हे त्याने मोबाइलवर कुठेतरी पाहिलं होतं. मोटरपासून थाळीपर्यंत दोऱ्याचा एक गोल फास टाकायचा, बस. दोरा ताणत नाही. अडचण एकच होती, ती गाठीची. फास म्हटला की गाठ आली, आणि प्रत्येक फेरीला गाठ पुलीवरून गेली की 'टक' व्हायचं. वहिनींच्या शिलाईच्या डब्यातली सगळी रिळं संपली. दादाने गाठ बारीक मारून पाहिली, चिकटवून पाहिली, ब्लेडने तासून पाहिली. टक. टक. टक. एके दुपारी वहिनी वाटाणे सोलत त्या तालावर मान हलवताना दिसल्या, आणि दादा चिडून बाल्कनीत गेला.

तिथून परत आला तो गाडीची किल्ली शोधत. "मालेगावला जायचंय," म्हणाला. "गाठी मारणारी माणसं तिथे आहेत."

त्याच्या कारखान्याने कधीकाळी यंत्रमागांचे सुटे भाग केले होते आणि मालेगावातले एक वयस्कर मागवाले त्याच्या ओळखीचे होते. मागावर धागा दिवसातून कितीदा तुटतो आणि तितक्यांदा तो जोडावा लागतो. जोडलेल्या जागी गाठ जाडी राहिली तर कापडात दिसते. दादाचं गणित बरोबर होतं. आम्ही महामार्गाला लागलो, पिंपळगावला कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे अर्धा तास रखडलो, चांदवडचा घाट चढलो आणि दुपारी मालेगावात पोचलो.

मागांच्या शेडमध्ये शिरल्यावर मी कानांवर हात ठेवले. शेकडो लाकडी फळ्या एकदम आपटाव्यात तसा खडखडाट. त्या आवाजात दादा त्या मागवाल्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "गाठ अशी पाहिजे, की जिचा आवाज येणार नाही!"

त्यांनी पुन्हा विचारलं. दादा पुन्हा ओरडला. मग ते आम्हाला हाताला धरून बाहेर घेऊन आले, चहा मागवला, आणि दादाने टर्नटेबल म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावलं. त्यांनी सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं.

"मतलब ये घूमेगा, और आप बैठके सुनेंगे?"

"हां."

"और कुछ नहीं बनेगा इससे? कपडा, वगैरा?"

"नाही," दादा ओशाळून म्हणाला. त्याच्या उभ्या आयुष्यात काहीच न बनवणाऱ्या यंत्राची बाजू घ्यायची त्याच्यावर ही पहिलीच वेळ होती.

ते हसले. खिशातून धाग्याची कांडी काढली, तुकडा तोडला, दोन टोकं बोटांत धरली आणि दारातून जाणाऱ्या कुणाशी तरी बोलता बोलता बोटं चोळल्यासारखी केली. फास आमच्यापुढे धरला. मला गाठ दिसली नाही. दादाने चष्मा लावला, फास उजेडात धरून इंच इंच फिरवला, तेव्हा एका जागी किंचित काहीतरी सापडलं.

"पुन्हा दाखवा. हळू."

त्यांनी हळू मारायचा प्रयत्न केला आणि गाठ सुटली. परत केला, परत सुटली. ते स्वतःच चकित झाले.

"धीरे से नहीं आता, साहब," ते म्हणाले. "पचास साल में धीरे से कभी किया ही नहीं."

दादाने येताना प्लायवूडची एक चकती बरोबर आणली होती, फासाचं माप बरोबर यावं म्हणून. त्या चकतीवर त्यांनी वीस फास मारून दिले, बोलत बोलत, न बघता. दादा त्यांच्या बोटांकडे पाहत होता. परतीच्या वाटेवर तो चांदवडपर्यंत स्वतःची बोटं एकमेकांवर चोळून पाहत होता. मग म्हणाला, "माझ्या टूलरूममध्ये असा एक माणूस नव्हता." थोडं थांबून म्हणाला, "मी धरून."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फास चढवला. टक नाही. मी एका मैफलीत ध्वनिमुद्रित झालेली रेकॉर्ड लावली, कारण तिच्या सुरुवातीला तंबोरे बराच वेळ नुसते वाजतात. मी श्वास धरून ऐकलं. सूर सरळ होता. शेवटपर्यंत सरळ. दादाच्या त्या स्क्रूड्रायव्हरची शपथ घेऊन सांगतो, हा फरक खरा होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवायला खिडकीकडे वळलो, तेवढ्यात मागून दादा म्हणाला, "हे कोण ठोकतंय?"

"काय?"

"मागे कुणीतरी हातोडी मारतंय. ऐक."

तबलजी तबला लावत होता. तबल्याच्या कडेवर बारीक हातोडीने ठोके पडत होते, आणि इतकी वर्षं ऐकूनही ते मला कधी इतके वेगवेगळे ऐकू आले नव्हते. दादा खुर्ची ओढून स्पीकरसमोर बसला.

"हलकी हातोडी आहे," तो म्हणाला. "आणि एका जागी एकच ठोका देतो. दुसऱ्यांदा मारायची पाळी येत नाही. आता उलट्या बाजूने गेला. बरोबर. सगळीकडून सारखा ताण बसवतोय. हात तयार आहे याचा. कोण आहे हा?"

मी सांगितलं.

"परत लाव."

आम्ही ती दीड मिनिटाची ठोकाठोक तीनदा ऐकली. गाणं सुरू झालं की दादा सुई उचलायला सांगायचा. चौथ्या वेळी हातोडी थांबली, तबला सुरात लागला, गाणं सुरू झालं आणि दादा 'सुई उचल' म्हणायचं विसरला. मी आठवण करून दिली नाही. ती बाजू संपेपर्यंत तो पुढे वाकून बसला होता. कोपरं गुडघ्यांवर, नजर जमिनीवर. लेथवर काम चालू असताना तो असाच बसायचा म्हणे.

त्यानंतर यंत्र माझ्या घरी न्यायचा विषय मी काढला नाही. माझ्याच रेकॉर्डी थोड्या थोड्या करून तिकडे गेल्या. रविवारी सकाळी मी पाथर्डी फाट्यावर जातो. दादा वेळेच्या आधी यंत्र फडक्याने पुसून तयार असतो.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. वहिनींचं माहेर सटाण्याकडचं. त्यांच्या भावाने माळा साफ करताना सापडलेली एक छोटी रेकॉर्ड पाठवली होती, तमाशातल्या गाण्यांची. वहिनी फोनवर त्याच्याशी अहिराणीत बराच वेळ हसल्या आणि मग ती रेकॉर्ड दादापुढे ठेवली.

"ही लावा."

दादाने ती उजेडात धरली. "अगं, ही किती घासलीय! सुई खराब होईल."

"एवढे आठ महिने सुई-सुई केलीत, ती एका रेकॉर्डने खराब होणार असेल तर काय उपयोग तिचा? लावा."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. रेकॉर्ड लागली. पहिल्यांदा चुरमुऱ्यांच्या पोत्यावर कुणी चाललंय असा आवाज आला, आणि आमचं यंत्र आता इतकं सुधारलेलं होतं की एकेक चुरमुरा वेगळा ऐकू येत होता. मग ढोलकी, फार सावकाश. मग गाणारीण. घोगऱ्या, जड, दमलेल्या पुरुषी आवाजात.

वहिनींनी दोन ओळी ऐकल्या. "या बाईला बरं नाहीये का?"

माझ्या तेव्हा लक्षात आलं. या छोट्या रेकॉर्डी जास्त वेगाने फिरवायच्या असतात. जुन्या पुलीला त्यासाठी पट्टा चढवायला दुसरा, जास्त जाड टप्पा होता. दादाने नवी पुली करताना तो ठेवलाच नव्हता. मोठ्या रेकॉर्डींशिवाय कोण काय ऐकतंय, असं म्हणून. मी हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा असा झाला, की आधी वहिनी हसल्या, मग मी, आणि मग तो स्वतःच खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसायला लागला. ती घोगरी बाई बिचारी आपली गातच होती.

"आत्ता करून आणतो," म्हणून तो उठला आणि स्कूटर काढून अंबडला गेला. रविवार आहे हे सांगायच्या आत.

वहिनी चहाला लागल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. "खरं कसं आहे ते गाणं?" मी सहज विचारलं.

त्यांनी साखर घातली, पदर खोचला आणि गायला लागल्या. खणखणीत, मोकळ्या गळ्याने, ठसक्यात, ओट्यावर चमच्याने ठेका धरून. मी त्यांना तेहतीस वर्षं ओळखत होतो. आरतीपलीकडे त्यांचा सूर कधी ऐकला नव्हता, आणि आरतीत आम्ही सगळेच ओरडतो. चहा उतू गेला तरी आम्हा दोघांना कळलं नाही.

दुसरं कडवं चालू असताना दादा परत आला. वर्कशॉप बंद होतं. तो दारातच चपला न काढता उभा राहिला. वहिनींनी त्याला पाहिलं आणि थांबल्या.

"थांबू नको," दादा म्हणाला. "छान चाललंय. फक्त दुसऱ्या कडव्यात वेग जरा वाढलाय."

वहिनींनी ओट्यावरचं ओलं फडकं त्याच्या अंगावर फेकलं आणि तिसरं कडवं त्याहून जोरात सुरू केलं.